पेपर सुटल्यावर

शाळा-महाविद्यालयांतील प्रत्येक पेपर दोनदां होतो, असें म्हटलें तर तें फारसें खोटें ठरणार नाहीं. पहिला पेपर आंत, वर्गांत. तेथें पर्यवेक्षकांची नजर असते, घड्याळाचा कांटा असतो आणि सर्वत्र शांतता असते. दुसरा पेपर बाहेर, फाटकापाशीं, सायकलींच्या रांगेजवळ किंवा उसाच्या गुऱ्हाळाच्या सावलींत. तेथें नियम एकच, कीं सर्वांनीं एकदम बोलावयाचें. "तिसऱ्यांतल्या दुसऱ्याचं काय आलं रे?" "पर्याय ब." "ब कसा असेल? आम्हां सगळ्यांचा क आला आहे." एवढ्या संभाषणांत एखाद्याचें तोंड उतरतें, एखाद्याचें उजळतें, आणि तीन तास मन लावून लिहिलेला पेपर क्षणार्धांत चांगल्याचा वाईट होऊन बसतो. उत्तरपत्रिका तर केव्हांच गठ्ठ्यांत बांधली गेलेली असते. तिच्यांतील एक अक्षरहि आतां बदलणार नसतें. बदलतो तो लिहिणाऱ्याचा स्वतःवरील विश्वास.

उत्तरें ताडून पाहण्याची ही संवय चांगली कीं वाईट, हा प्रश्न दर फेब्रुवारी-मार्चमध्यें पुष्कळ घरांतून निघतो. वडीलधारीं माणसें बहुधा एकच उपदेश करतात: "झालं तें झालं, आतां पुढच्या पेपराचं पाहा." उपदेश हिताचा आहे, पण तो सहसा पाळला जात नाहीं, कारण तीन तास प्रश्नांशीं झुंजलेल्या मनाला त्या प्रश्नांचीं उत्तरें हवींच असतात. ही भूक स्वाभाविक आहे. किंबहुना ती विद्येचीच भूक आहे. ती दडपून टाकण्यापेक्षां तिला योग्य अन्न कोणतें, हें पाहणें अधिक शहाणपणाचें. आणि तें पाहावयाचें तर इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे विजाणुशास्त्र, या विषयाचा पेपर उदाहरणादाखल फार सोयीचा आहे. महाराष्ट्रांत बारावीच्या विज्ञान शाखेंतील विद्यार्थी हा विषय द्विलक्षी अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षें घेत आले आहेत. दोन लेखी पेपर आणि त्यांच्या जोडीला प्रात्यक्षिकें, असें त्याचें स्वरूप.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, पहिल्या पेपरांत एक साधा प्रश्न आला आहे. ९ व्होल्टांच्या बॅटरीला १०,००० ओहमांचे दोन रोधक एकापुढें एक जोडले आहेत. दोघे सारखे असल्यामुळें त्यांच्या मधल्या बिंदूवर बरोबर अर्धा, म्हणजे ४.५ व्होल्ट विद्युद्दाब मिळतो. आतां त्या मधल्या बिंदूपासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत १०,००० ओहमांचाच तिसरा रोधक भार म्हणून जोडला, तर मधल्या बिंदूवर किती विद्युद्दाब राहील?

पेपर सुटला. चौघांचा घोळका जमला. तिघे म्हणाले, "साडेचार." चौथी मुलगी म्हणाली, "माझं उत्तर तीन आलं." तिघांनींहि एकमेकांकडे पाहिलें. "अगं, दोन सारखे रोधक म्हणजे अर्धा दाब, हें तर अकरावींतलं." तिनें क्षणभर विचार केला, कांहीं बोलावयास तोंड उघडलें आणि पुन्हां मिटलें. तिघांचें उत्तर एक, तिचें एकटीचें निराळें. घरीं पोंचेपर्यंत तो प्रश्न तिनें मनोमन चुकीच्या खात्यावर मांडून टाकला; आणि एक प्रश्न चुकला म्हटल्यावर बाकीचेहि संशयास्पद वाटूं लागले. दारांतच विचारणा झाली, "कसा गेला पेपर?" ती म्हणाली, "ठीक." रात्रीं दुसऱ्या पेपराचें पुस्तक समोर उघडें होतें, पण मन पहिल्याच पेपरांत अडकून पडलें होतें.

वस्तुतः तिचें उत्तर बरोबर होतें. खालचा रोधक आणि नवा भार हे दोघे एकमेकांना समांतर जोडले गेले, म्हणजे प्रवाहाला एकाऐवजीं दोन वाटा मिळाल्या. म्हणून त्या दोघांचा मिळून रोध १०,००० नव्हे, तर ५,००० ओहम झाला. वरचा रोधक १०,००० चाच राहिला. एकूण रोध १५,००० ओहम, त्यांत खालचा वांटा एक तृतीयांश. म्हणून ९ व्होल्टांचा एक तृतीयांश, म्हणजे ३ व्होल्ट. ज्यांच्या घराला वरच्या टाकींतून एकाच नळानें पाणी येतें, त्यांना हें निराळें सांगावयास नको. मोरींतला नळ सोडला कीं स्वयंपाकघरांतील धार बारीक होते. पाणी घेणारा वाढला म्हणजे दाब पूर्वींइतका राहत नाहीं, एवढीच गोष्ट. तिघे मुलगे भार जोडण्यापूर्वींच्या परिपथाचें उत्तर देत होते. मुलीनें भार जोडल्यानंतरच्या परिपथाचें उत्तर दिलें होतें. पण फाटकापाशीं हें कोणीच बोललें नाहीं. तेथें फक्त आंकडे मोजले गेले, तीन विरुद्ध एक.

बहुमतापुढें माणूस असा कां नमतो, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें तो १९५१ सालीं प्रसिद्ध केला. एका रेघेइतक्या लांबीची दुसरी रेघ तीन रेघांतून निवडावयाची, एवढें सोपें काम. खोलींतील एक सोडून सर्व माणसें आधींच पढवून ठेवलेलीं, आणि ठराविक वेळीं तीं एकमुखानें चुकीची रेघ दाखवीत. ज्याला हें ठाऊक नव्हतें, तो बिचारा डोळ्यांनीं खरें दिसत असतांहि अशा प्रसंगीं सुमारें एक तृतीयांश वेळां त्यांच्यासारखेंच चुकीचें उत्तर देई. एकट्यानें उत्तर द्यावयाचें असलें, तर चूक जवळजवळ होत नसे. समोर दिसणाऱ्या रेघेबाबत जर ही स्थिति, तर तीन तासांच्या श्रमानें थकलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनें आपल्या न दिसणाऱ्या व्होल्टांविषयीं डगमगावें, यांत नवल तें काय?

तेव्हां उत्तरें ताडून पाहण्यांत दोष आहे असें नव्हे. दोष आहे तो केवळ शेवटचे आंकडे ताडून पाहण्यांत. दोन विद्यार्थ्यांचीं उत्तरें निराळीं आलीं, तर त्या निराळेपणाचे तीन प्रकार संभवतात; आणि ते तिन्ही ओळखतां आल्याखेरीज कोण बरोबर व कोण चूक हें ठरवितां येत नाहीं.

पहिला प्रकार असा, कीं उत्तरें दिसावयास निराळीं पण अर्थानें एकच. ५५५ या नांवाची एक छोटी एकात्मिक चकती आहे. हान्स कॅमेनझिंड यानें तिची रचना केली आणि ती १९७२ सालीं बाजारांत आली. ठराविक गतीनें स्पंद देणें हें तिचें काम. त्या गतीच्या सूत्रांत एक स्थिरांक येतो. तो कांहीं पुस्तकांत १.४४ असा दिलेला असतो, तर कांहींत १.४५. मूळ संख्या १.४४२७ च्या आसपास आहे. १,००० व १०,००० ओहमांचे दोन रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र घेतला, तर एका पुस्तकाच्या विद्यार्थ्याचें उत्तर सेकंदाला सुमारें ६८६ स्पंद येईल आणि दुसऱ्या पुस्तकाच्या विद्यार्थ्याचें ६९०. फाटकापाशीं दोघेहि घाबरे होतात. वास्तविक दोघांनाहि विषय सारखाच समजलेला असतो.

याच प्रकारचें आणखी एक उदाहरण तर्कपरिपथांचें आहे. एक विद्यार्थी 'नँड' गेट काढतो. दुसरा आधीं दोन्ही इनपुट उलटे करून मग 'ऑर' गेट काढतो. दोन आकृत्या शेजारीं ठेवल्या, तर त्यांत कांहीं साम्य दिसत नाहीं. पण सत्यता-कोष्टकाच्या चारहि ओळी भरून पाहिल्या, तर दोहोंचें उत्तर एकच येतें: पहिल्या तीन ओळींत १, शेवटच्या ओळींत ०. "हीं दोन्ही एकाच वेळीं खरीं नाहींत" असें म्हणणें, आणि "निदान एक तरी खोटें आहे" असें म्हणणें, हें एकच होय. हा नियम ज्याच्या नांवानें मुलें पाठ करतात, तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ सालीं मदुरा येथें जन्मला आणि पुढें लंडनला गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच्या काळीं विजेचे गेट नव्हते. तो माणसांच्या विधानांविषयीं विचार करीत होता. क्लॉड शॅनन यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तोच तर्क विजेच्या स्विचांना लागू करून दाखविला. म्हणून डी मॉर्गनचा नियम केवळ पेपरांत उपयोगी नाहीं; पेपर सुटल्यावरच्या वादांतहि तो उपयोगी आहे. निराळ्या शब्दांत सांगितलेली गोष्ट निराळीच असते असें नाहीं.

दुसरा प्रकार गृहीतांच्या भेदाचा. ५ व्होल्टांच्या पुरवठ्याला १,००० ओहमांचा रोधक आणि सिलिकॉनचा डायोड एकापुढें एक जोडले, प्रवाह किती? ज्यानें डायोडवर ०.७ व्होल्ट खर्च होतात असें धरलें, त्याचें उत्तर ४.३ मिलिअँपिअर. ज्यानें ०.६ धरले, त्याचें ४.४. ज्यानें डायोड आदर्श मानून त्यावर कांहींच खर्च होत नाहीं असें धरलें, त्याचें ५. प्रश्नांत गृहीत दिलेलें असेल तर तेंच धरलें पाहिजे, यांत वाद नाहीं. तें दिलेलें नसेल, तर ज्यानें आपलें गृहीत स्पष्ट लिहून मग गणित केलें, त्याचें उत्तर सुरक्षित. न लिहितां धरलेल्या गृहीताची मात्र परीक्षकाला कल्पना नसते. व्यवहारांतील निम्मीं भांडणेंहि अशींच असतात. दोन्ही पक्षांचा हिशेब बरोबर, पण आरंभीं काय धरलें तें कोणीच सांगितलेलें नसतें.

तिसरा प्रकार खऱ्या चुकीचा. आणि तोहि लपविण्याचें कारण नाहीं. रोधकावरील रंगीत पट्टे एकीनें पिवळा, जांभळा, तांबडा असे वाचले आणि ४,७०० ओहम लिहिले. दुसरीनें तेच पट्टे उलट्या बाजूनें तांबडा, जांभळा, पिवळा असे वाचले आणि २,७०,००० लिहिले. येथें दोघी बरोबर असूं शकत नाहींत. शेवटचा सोनेरी पट्टा शेंकडा ५ ची सूट सांगतो आणि तो आरंभींचा अंक असूंच शकत नाहीं. म्हणून वाचन दुसऱ्या टोंकाकडून सुरू झालें पाहिजे, हें कारण दुसरीला कळलें कीं चूक कायमची सुटते. विशेष म्हणजे, ज्या उत्तराविषयीं विद्यार्थ्याला पक्की खात्री असते आणि जें चुकीचें निघतें, त्याची दुरुस्ती मनांत अधिक घट्ट बसते, असें बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनीं २००१ सालीं प्रयोगानें दाखविलें. खात्रीनें केलेली चूक उघडकीस आल्यावर जो धक्का बसतो, तोच शिकवितो. परंतु त्यासाठीं बरोबर उत्तर आणि त्याचें कारण, दोन्ही समोर आलीं पाहिजेत. नुसतें "तुझं चुकलं" हें वाक्य धक्का देतें, शिकवीत मात्र नाहीं.

मग मुलांनीं एकमेकांशीं बोलावें कीं बोलूं नये? बोलावें, पण "किती आलं?" याऐवजीं "कसं आणलंस?" असें विचारावें. अमेरिकेंतील कॉलोराडो विद्यापीठांत केलेला आणि २००९ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथें मार्गदर्शक आहे. विद्यार्थ्यांनीं प्रथम एकट्यानें उत्तर दिलें, मग शेजाऱ्यांशीं चर्चा केली, पुन्हां उत्तर दिलें, आणि नंतर त्याच तत्त्वावरचा एक नवा प्रश्न एकट्यानें सोडविला. बरोबर उत्तर तोंवर कोणालाहि सांगितलेलें नव्हतें. तरीहि चर्चेनंतर विद्यार्थी नव्या प्रश्नांत सुधारले; आणि ज्या गटांत आरंभीं कोणालाच उत्तर येत नसावें, तेथेंहि सुधारणा आढळली. कारणें एकमेकांना सांगतां सांगतां समज वाढली. अ‍ॅशच्या प्रयोगांत तोंडून निघत होते ते केवळ निवाडे, येथें निघत होतीं तीं कारणें. तोच घोळका, तींच मुलें. पण एका प्रश्नानें तो घोळका न्यायसभा होतो आणि दुसऱ्या प्रश्नानें पाठशाळा होतो. त्या मुलीला कोणी "तीन कसे आणलेस?" एवढें विचारलें असतें, तर चार मिनिटांत चौघांचेंहि हित झालें असतें, आणि दुसऱ्या पेपराला ती खचून न जातां उमेदीनें बसली असती.

वेळकाळाचेंहि भान हवें. दुसरा पेपर उंबरठ्यावर असतांना पहिल्याची पूर्ण उलटतपासणी करणें शहाणपणाचें नाहीं. एक-दोन वादग्रस्त प्रश्न कागदावर टिपून ठेवावे आणि सर्व पेपर संपल्यावर ते काढावे. शिवाय गणिताच्या प्रश्नांत शेवटच्या आंकड्यालाच सर्व गुण नसतात. सूत्र, किमती घालणें, एकक, यांनाहि किंमत असते. ज्याचा गुणाकार चुकला त्याची सगळी वाटच चुकली, असें परीक्षकहि मानीत नाहींत. मग मित्रांनीं व घरच्यांनीं तरी कां मानावें? आणि निकालानंतर शंका उरलीच, तर तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा मार्ग मोकळा आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं माहितीच्या अधिकाराखालीं मान्य केला आहे. फाटकापाशीं आठवणींतून सांगितलेल्या उत्तरापेक्षां तो कागद केव्हांहि अधिक विश्वसनीय.

परंतु या विषयाच्या विद्यार्थ्याला आणखी एक भाग्य लाभलेलें आहे, तें इतिहासाच्या किंवा साहित्याच्या विद्यार्थ्याला लाभत नाहीं. त्याचा वाद मिटविणारा पंच टेबलावर मांडतां येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कोणत्याहि सुट्या भागांच्या दुकानांत तीन रोधक, एक ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टांची एक बॅटरी आणि एक साधा मल्टिमीटर मिळतो. डाग न लावतां, तारा नुसत्या खोंचून दहा मिनिटांत तो परिपथ उभा राहतो. भार जोडण्यापूर्वीं कांटा किंवा आंकडा साडेचाराच्या आसपास; तिसरा रोधक जोडतांच तो तीनाच्या जवळ उतरतो. बरोबर तीन कदाचित् दिसणार नाहीं, कारण बॅटरी नेमकी ९ व्होल्टांची नसते आणि रोधकांतहि सोनेरी पट्ट्याची ती शेंकडा ५ ची सूट असते. हें पाहणें म्हणजे आणखी एक धडा: निसर्गाचें उत्तर पुस्तकाच्या उत्तराशीं तंतोतंत जुळत नाहीं, तरी तें साडेचार आणि तीन यांच्यांत निःसंशय निवड करून देतें. तेथें तीन विरुद्ध एक ही मोजदाद चालत नाहीं. ज्यांचें साडेचार होतें, त्यांनाहि तेथें कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. कारण हरविणारा मित्र नसतो, समजावून देणारा परिपथ असतो.

घरच्या मंडळींनीं यांतून एवढेंच घ्यावें. मूल पेपर देऊन दारांत आलें, कीं "किती मिळतील?" हा प्रश्न ओठांवर येतोच, तो गिळावा. पाणी द्यावें, जेवूं घालावें, आणि मूल आपण होऊन बोलूं लागलें तर विचारावें, "कोणत्या प्रश्नावर तुमचा मतभेद झाला? तुझं म्हणणं काय होतं?" त्या विषयांतलें घरांत कोणाला कांहीं कळत नसलें तरी चालेल, ऐकणाऱ्याला समजावून सांगतांना सांगणाऱ्यालाच आपली वाट पुन्हां दिसते. ती बरोबर असेल तर मूल निश्चिंत झोंपेल. चुकलेली असेल तर कोठें चुकली हें त्याचें त्यालाच सांपडेल, आणि स्वतः शोधलेली चूक फारशी बोंचत नाहीं. गुण निकालाच्या दिवशीं येतील ते येतील. पण आपलें उत्तर चौघांहून निराळें आलें असतां न घाबरतां त्याचें कारण सांगणें, आणि दुसऱ्याचें कारण पटलें तर आपलें उत्तर सोडून देणें, हें ज्याला साधलें, त्याला त्या विषयाचें खरें शिक्षण मिळालें असें समजावें.